नियम चौदा आणि कोंडिबांचा लेंगा

सीवूड्सच्या एका अठरा मजली सोसायटीत कोंडिबा लेंगा घालून दूध आणायला खाली उतरले, ही घटना दप्तरात 'गैरवर्तन' या सदराखाली नोंदवण्यात आली. तुर्भ्याच्या बाजारात तीस वर्षं पोती वाहिलेल्या या साताऱ्याकडच्या माणसाला मुलाच्या, प्रसादच्या, नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन चारच दिवस झाले होते.

"काका, नियम चौदा," सेक्रेटरी सुधीररावांनी त्यांना लिफ्टपाशीच गाठलं. "सामायिक जागेत रात्रवस्त्रांना मनाई आहे."

स्वतः सुधीरराव गुडघ्याच्या बऱ्याच वर संपणाऱ्या चड्डीत उभे होते. परंतु ती खेळवस्त्रात मोडत असल्याने नियमाच्या कक्षेबाहेर होती.

"रातचा न्हाई ह्यो, सायेब," कोंडिबा म्हणाले. "दिवसाबी ह्योच, रातीबी ह्योच."

हा कबुलीजबाब ग्राह्य धरण्यात आला. 'रातीबी' हा शब्द अधोरेखित होऊन प्रकरण समितीकडे गेलं. समितीने तीन बैठका घेऊन निष्कर्ष काढला की चेन असेल ते दिवसवस्त्र आणि नाडी असेल ते रात्रवस्त्र. सदस्या उत्कर्षाबाईंनी अध्यक्षस्थानी बसलेल्या सुधीररावांच्या चड्डीतून लोंबणारी नाडी दाखवली, तेव्हा ती नाडी नसून ड्रॉस्ट्रिंग असल्याचा खुलासा इतिवृत्तात जोडण्यात आला.

"आबा, कशाला उगाच टेन्शन? माझी जीन्स घाला ना," प्रसाद म्हणाला. कोंडिबांनी घातली. मांडी घालायला गेले आणि गुडघे मधेच अडले. त्यांनी ती काढून घडी करून ठेवली आणि खाली जाणंच बंद केलं. नात जाई रोज संध्याकाळी बागेत न्यायला हाताला धरून ओढायची. "आज पाय दुखत्यात गं," ते म्हणायचे. पोती वाहून कधी न दुखलेले पाय आता रोज दुखू लागले.

त्याच सुमारास मॉलमध्ये लेंग्याची फॅशन आली. मुद्दाम चुरगळून टांगलेले लेंगे समितीने सहकुटुंब आणले आणि क्लबहाउसमध्ये 'आपला लेंगा : इतिहास आणि डौल' हा कार्यक्रम जाहीर झाला. पोशाख पारंपरिक सक्तीचा. जाई स्वागतगीत म्हणणार होती. कोंडिबांनी लेंग्याला नीळ दिली, इस्त्री केली आणि महिन्याभराने ते ताठ मानेने खाली उतरले.

दारात रखवालदार कुलदीपने हात आडवा घातला. आतल्या लेंग्यांना कंपनीचं लेबल होतं. या लेंग्याला गुडघ्यावर ठिगळ होतं.

इतक्यात व्याख्याता निशांत धावत आला. "अहो, अस्सल नमुना! यांना स्टेजवर घ्या."

स्टेजवरून नात जवळून दिसेल म्हणून कोंडिबा चढले. त्यांच्या शेजारी 'कृपया हात लावू नये' अशी पाटी ठेवण्यात आली. जाई गायली. मग निशांतने सांगितलं की पायजमा हा शब्द फारसी. पाय म्हणजे पाय, जामा म्हणजे वस्त्र. सैल घेरामुळे हवा खेळते, ओझं घेऊन उठता-बसता शिवण उसवत नाही. छडीने ठिगळ दाखवत तो हळहळला, "दुर्दैवानं हे घालणारी माणसं आता दिसत नाहीत. आजोबा, कुठं गेली हो ती?"

"खाली उतरू द्येत न्हाईत त्यास्नी," कोंडिबा म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी मार्मिक लोकबोली त्या हॉलमध्ये प्रथमच ऐकू आली होती. त्याच उत्साहात ठराव झाला की लेंगा हा आपला वारसा असल्याने तो वर्षातून एकदा, पंधरा दिवस आधी लेखी अर्ज केल्यास, सामायिक जागेत घालता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडिबांनी पिशवी भरली.

"आबा, लोक काय म्हणतील?" प्रसाद म्हणाला.

"कुणाला दिसलो तर म्हनतील," म्हणत ते जिन्याने उतरले आणि तुर्भ्याच्या जुन्या खोलीवर निघून गेले. जाई गॅलरीतून हाका मारत राहिली.

सुधीररावांचा तुम्हाला राग आला असेल, तर तो रास्तच आहे. फक्त रविवारी तुमचे साहेब घरी जेवायला येणार असतील, तर बेल वाजण्याआधी तुम्ही आपल्या वडिलांना आत नेऊन काय बदलायला सांगाल, तेवढं सांगा.