बहरीन शाखा, सभासद एक

डॉक्टर खलप्यांच्या डाव्या हाताला बसू नये, हे मला क्लिनिकमध्ये लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. कळलं म्हणजे बसल्यावर कळलं. दुपारी पॅन्ट्रीत डबा उघडला होता, सुक्या बोंबलाचा तुकडा तोंडात होता, आणि कोणीतरी माझी बाही वर सरकवतंय असं वाटलं. बघतो तर दंडाला बीपीचा पट्टा. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ कानात स्टेथोस्कोप घालून छताकडे बघत बसले होते.

"चावू नकोस," ते म्हणाले. "काटा हलतो."

मी घास तसाच गालात धरून बसलो.

"एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी. वसईचा दिसतोस. सुकी मासळी कमी कर. नाव काय तुझं?"

"सायमन."

"नोंद घ्यावी," ते स्वतःशीच म्हणाले आणि पट्टा सोडून माझ्या डब्यातला एक बोंबील उचलून निघून गेले.

मी या क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचे फॉर्म बघतो. डॉक्टरांशी माझा संबंध सहीपुरता. पण खलपे डॉक्टर सहीपुरते राहणारे नव्हेत. सहासष्ट वर्षांचे, मूळचे रत्नागिरीचे, ईसा टाउनमध्ये एकटे राहणारे. काट्याचं बीपीचं यंत्र कातडी पिशवीत घालून सगळीकडे नेणार. साखरपुड्याला गेले तरी डावीकडच्या पाहुण्याचा दंड त्यांच्या ताब्यात. एकदा मुंबईहून परत येताना विमानात डावीकडे एक बहरीनी गृहस्थ बसले होते. डॉक्टरांनी नमस्कार-चमत्कार होताच पट्टा बांधला. हवाईसुंदरी धावत आली, तिला वाटलं कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. काटा दोनशेच्या घरात निघाला. ते गृहस्थ आता दर महिन्याला क्लिनिकमध्ये येतात, खजुराचा डबा टेबलावर ठेवतात आणि न सांगता डावीकडच्या खुर्चीत बसतात.

हे काय खूळ आहे म्हणून मी एकदा विचारलं. डॉक्टरांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे टाकली. वर लिहिलं होतं, 'वैद्यक बंधू मंडळ, बहरीन शाखा. इतिवृत्त.'

हे मंडळ म्हणजे त्यांच्या मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची एक संघटना. चाळीसेक वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या मेसमध्ये सहा मुलांनी काढली, त्यातले एक खलपे. मग पोरं डॉक्टर होऊन जिकडेतिकडे पांगली आणि जाईल तिथे शाखा काढत गेली. सोलापूर, नाशिक, मस्कत, बहरीन. नाशिकला तर दोन शाखा आहेत, कारण वार्षिक जेवणात मटण असावं की नसावं यावरून पहिली फुटली. मंडळात मुलींना घ्यावं का, यावर म्हणे तीन सभा चालल्या. शेवटी घेतलं, पण घटनेत शब्द 'बंधू' असाच राहिला. त्यामुळे बहरीन शाखेच्या वहीत 'बंधू सुषमाताई' अशी एक व्यक्ती सगळीकडे भेटते.

मंडळाचा समग्र इतिहास खलपे लिहीत आहेत. त्याला किती वर्षं झाली ते कोणी विचारत नाही. औषधकंपन्यांचे प्रतिनिधी येतात, त्यांना पिशव्या उघडण्याआधी दोन पानं ऐकावी लागतात. मआमीरच्या कारखान्यांतले कामगार खोकला घेऊन येतात आणि सोलापूर शाखेची स्थापना ऐकून जातात. मी त्यातलं बरंचसं ऐकलं आहे. मेसच्या टेबलाचं वर्णन सव्वाचार पानं आहे. मंडळ का काढलं यावर मात्र एकच ओळ: 'एका सहाध्यायाच्या स्मरणार्थ.'

नियम तीन. वर्षातून एकदा सभा भरवायची आणि प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याचं बीपी बघायचं. आपलं आपण बघायचं नाही. आणि बंधूखेरीज कोणाकडून बघून घ्यायचं नाही.

"हा तिसरा कशाला?" मी विचारलं.

"तेव्हा आम्ही विशीतले होतो रे. जोशात लिहून टाकला."

सभेचं इतिवृत्त वाचायला मला फार आवडायचं. 'बंधू कुलकर्णी, एकशे तीस, चौऱ्याऐंशी. व्हिसाच्या काळजीत. बंधू सुषमाताई, एकशे दहा, सत्तर. नेहमीप्रमाणे सर्वांना टोमणे मारले. बंधू पाटणकर, एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव. सासूबाई आल्या आहेत. बिर्याणीत मीठ कमी, हे योग्यच झाले.' पाच सभासद होते एके काळी. मग कुलकर्णी पुण्याला परत गेले, पाटणकर कॅनडाला, आणखी एक दुबईला. खलप्यांची बायको रुखसाना वारली, मुलगी लग्न होऊन टोरांटोला गेली. तीन वर्षांपूर्वी सुषमाताईही निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. तेव्हापासून शाखेचे अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव सभासद डॉक्टर खलपे. "सभा तहकूब, गणसंख्येअभावी," असं दरवर्षी सुंदर अक्षरात लिहून खाली स्वतःच सही आणि स्वतःच अनुमोदन.

यंदा मार्चमध्ये मुख्य शाखेचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. सलग चौथ्या वर्षी सभा न झाल्यास शाखा बंद समजण्यात येईल आणि सभासद मस्कत शाखेत वर्ग होतील. महिनाअखेरपर्यंतची मुदत.

डॉक्टर संध्याकाळी माझ्या काउंटरशी येऊन उभे राहिले.

"मस्कत," ते म्हणाले. "नऊ सभासद, हिरवळीवर सभा, आणि इतिवृत्त टाईप केलेलं. मला म्हणतात, व्हिडिओवर हजर राहा. व्हिडिओवर पट्टा कोण बांधणार?"

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते फॉर्ममध्ये लपवलं.

मग शोध सुरू झाला. बेटावर कुठेही मराठी डॉक्टर आला की खलपे फोन लावत. "कॉलेज कुठलं? हॉस्टेल? मजला कुठला?" दोन जण दुसऱ्या कॉलेजचे निघाले. एक योग्य कॉलेजचा निघाला, पण तो दातांचा डॉक्टर होता. अखेर कळलं, सखीरला मोटारींच्या शर्यतीत वैद्यकीय ड्यूटीवर अनिकेत नावाचा तरुण डॉक्टर आहे. कॉलेज तेच, हॉस्टेल तेच, मजलाही तोच. "यल्ला, चल," म्हणत डॉक्टरांनी मला शनिवारी गाडीत घातलं. गाडी मी चालवत होतो, म्हणजे त्यांच्या डावीकडेच होतो, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, म्हणून मी निश्चिंत होतो.

मुलगा चांगला होता. पाया पडायला वाकला. मागे गाड्या अशा गरजत होत्या की डॉक्टरांना मंडळाचा इतिहास ओरडून सांगावा लागला. सगळं ऐकून तो म्हणाला, "सर, आमच्या वेळी मंडळ असं काही नव्हतं. म्हणजे ग्रुप होता फोनवर, पण म्यूट केलेला." मग त्याने मनगट पुढे केलं. "आणि बीपीचं म्हणाल तर हे घड्याळच सांगतं. तुम्हाला पण घेऊन देऊ का?"

डॉक्टरांनी ते घड्याळ नीट बघितलं. "छान आहे," म्हणाले. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत येऊन बसले.

परतीच्या रस्त्यावर रिफायनरीच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा ते आपणहून बोलायला लागले.

"वसंता म्हणून माझा रूम पार्टनर होता. तिसऱ्या वर्षाला वडिलांनी त्याला बीपीचं यंत्र घेऊन दिलं. अख्ख्या हॉस्टेलचं बीपी बघायचा. वॉर्डनचं, आचाऱ्याचं, पोस्टमनचं. माझं तर दर रविवारी. शेवटच्या वर्षाला वॉर्डाच्या पायऱ्यांवर पडला. किडन्या गेलेल्या, बीपी आभाळाला टेकलेलं, किती महिने कोण जाणे. चार वर्षं एका खोलीत राहिलो, सायमन. मी एकदाही म्हटलं नाही, की ये, आता तुझं बघतो."

मी म्हणालो, "मी बसतो तुमच्या सभेला."

"तू डॉक्टर नाहीस."

"बीपी बघायला काय लागतं? मी दिवसाला चाळीस फॉर्मवर आकडे बघतो."

"घटनेत बसत नाही," ते म्हणाले आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. स्वतःहून पुढे झालो तर माणूस घटना दाखवतो.

तीन दिवसांनी सकाळी सातला फोन. "सापडलं. खंड दुसरा, सोलापूर शाखा. दुष्काळात सगळे सभासद गावोगावच्या छावण्यांवर गेले होते, सभेला एकच उरला, तेव्हा मेसच्या आचाऱ्याला मानद बंधू करून घेतला. मीच लिहिलंय आणि मीच विसरलो. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर घरी ये. लांब बाहीचा शर्ट नको."

शुक्रवारी गेलो. त्यांनी इस्त्रीचा सफारी घातला होता. टेबलावर वही, यंत्र आणि स्वतः केलेली सांदणं होती. सांदणं चांगली फुगली नव्हती, "रुखसाना होती तेव्हा फुगायची," एवढंच म्हणाले. मला शपथ देण्यात आली. दोघांचीच सभा असली तर दोघेही एकमेकांच्या डावीकडे आहेत असं समजावं, असा ठराव त्यांनी मांडला. मी अनुमोदन दिलं. मग त्यांनी माझं बीपी घेतलं, बोंबलांवरून चार शब्द सुनावले आणि सफारीची बाही दुमडून हात माझ्यापुढे ठेवला.

हात बारीक होता. कोटात एवढा दिसायचा नाही.

"पट्टा कोपराच्या दोन बोटं वर. हां. आता फुगव. अजून. आता हवा हळू सोड, घाई नाही. पहिला ठोका ऐकू आला की आकडा लक्षात ठेव. आवाज बंद झाला की दुसरा."

पहिल्यांदा मला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा स्वतःचाच श्वास ऐकू आला. तिसऱ्यांदा, एकदम, खोलातून आल्यासारखा ठोका. मग दुसरा, तिसरा. दुसऱ्या माणसाचं काळीज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आवाज थांबेपर्यंत मी हललोसुद्धा नाही.

"बोल."

"एकशे ब्याऐंशी," मी म्हणालो. "एकशे सहा."

"लिही."

"डॉक्टर, हे फार जास्त आहे."

"लिही आधी."

मी लिहिलं. माझं अक्षर त्यांच्या अक्षराखाली फारच गबाळं दिसत होतं.

"कधीपासून आहे हे?"

"सकाळी डोकं धरतं. वर्ष झालं असेल." ते वहीकडे बघत बोलत होते. "यंत्रं ढीगभर होती रे. बघायला कोणी नव्हतं."

मला भयंकर राग आला. मी म्हणालो, "उद्या सकाळी दहाला मी तुम्हाला हार्टच्या डॉक्टरांकडे नेणार. फॉर्म मीच भरणार. तिथे घटना काढायची नाही."

"बरं," ते म्हणाले. रोज शंभर माणसांना दटावणारा माणूस मुकाट्याने बरं म्हणाला. मुख्य शाखेला पुरावा म्हणून सभेचा फोटो पाठवायचा होता, तोही पाठवला. सभा झाली, शाखा राहिली.

मग मी पट्टा सोडायला हात पुढे केला. हवा केव्हाच निघून गेली होती, पट्टा दंडाभोवती नुसता सैल लटकत होता.

डॉक्टरांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बस जरा."