गलमिश्या आणि मास्क

मिशी काढायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी जिवंत माणसावर रडारड होईल असं वाटलं नव्हतं.

आमचे फत्तेसिंगकाका छातीच्या टीबीनं जे. पी. नगरच्या दवाखान्यात होते आणि डबा पोचवायची पाळी माझी आली. मी भित्रा माणूस. (घरात पाल निघाली की मी कॉटवर आणि बायको झाडू घेऊन पुढं.) त्यात घरी आमची शाल्मली, अजून मानही न धरणारी. काकांचा खोकला माझ्यामार्फत तिच्यापर्यंत पोचला तर? या धास्तीनं अन्न गोड लागेना. भारीतला एन-नाइंटीफाइव्ह मास्क आणला. घातला तर चष्म्यावर वाफ.

"कडेनं हवा जातेय," बायको, संयोगिता म्हणाली. ती लॅबमध्ये नोकरीला, तिला कळतं. "अहो, या गलमिश्यांवर मास्क बसायचाच नाही. केस काढा."

बंगळुरात पिढ्या गेल्या, आमच्या मराठीत कानडी शिरली, पण गालभर पसरलेल्या गलमिश्या कुणी सोडल्या नव्हत्या. पण लेकीपुढं मिशी ती काय? राजाजीनगरातल्या सलूनमध्ये जाऊन बसलो. न्हावीच बिचकला. "अण्णा, स्वल्प?" म्हणजे थोडीशीच ना? मी डोळे मिटून सांगितलं, सगळी.

येताना फाटकात शेजारच्या अंबुबाईअक्का भेटल्या. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि तशाच आत गेल्या. मला वाटलं, ओळखलं नसेल. (आमच्यात घरातलं वडीलधारं गेलं की मिशी उतरवतात, हे माझ्या टाळक्यात यायला हवं होतं.)

दवाखान्याच्या दारात मास्क चढवला, नाकावरची पट्टी दाबली, जोरात श्वास सोडून पाहिला. वाफ नाही. आत काका हातात फोन धरून बसलेले, डोळे विस्फारलेले. अंबुबाईअक्कांकडून कळलं म्हणून देवनहळ्ळीच्या पाहुण्यांनी घरच्यांच्या सांत्वनाला काकांच्या नंबरावर फोन केला होता म्हणे, आणि तो काकांनीच उचलल्यावर पलीकडचा माणूस किंचाळला. काकांनी मास्कबाहेर दिसणारे माझे गुळगुळीत गाल निरखले.

"गिरी, खरं सांग. मी गेलो का रे?"

मी घाईघाईनं सांगू लागलो, पण मास्कमधून काय बोलतोय ते त्यांना ऐकू जाईना. शेवटी मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

काकांनी स्वतःचा मास्क दोन्ही हातांनी घट्ट दाबला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "गाढवा, वर घे तो. घरी पोर आहे."

डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, एवढ्यानं बहुधा काही होत नाही, पण खोकला आला तर लगेच या. वर हेही सांगितलं की गालावरचेच केस काढायचे होते, नाकाखालची मिशी मास्कच्या आत आरामात मावली असती.

घरी आलो तो लेकीच्या खोलीबाहेरच उभा राहिलो. ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. सुतकाच्या घरी देतात तो पिठलं-भात, अंबुबाईअक्कांनी पाठवलेला. मी म्हणालो, काका ठणठणीत आहेत, हे परत द्यायला हवं.

"खाऊन घ्या," संयोगिता ताट वाढत म्हणाली. "मिशी तर गेलीच आहे ना."