गावंडे यांच्या नोंदवहीतील रिकामा रकाना

वसंतराव गावंडे यांनी एका लग्नाच्या पार्टीत शेजारच्या माणसाच्या बियरच्या ग्लासात थर्मामीटर बुडवला, ही गोष्ट खरी आहे. तो ताप मोजण्याचा थर्मामीटर होता, ही गोष्ट खोटी आहे. तो त्यांनी काखेतून काढला, असे जे सांगितले जाते तो तर निव्वळ चावटपणा आहे. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. थर्मामीटर वीतभर लांबीच्या पोलादी सळईचा होता आणि वर घड्याळासारखी तबकडी होती. तो शर्टाच्या खिशातून निघाला, पांढऱ्या रुमालाने पुसला गेला आणि मगच ग्लासात उतरला.

"काय करून राहिले काकाजी?" ज्याचा ग्लास होता तो तरुण ओरडला.

"दोन अंश," गावंडे तबकडी वाचत म्हणाले. "तू बर्फ पिऊन राहिला बावा. बियर कधी पिशीन?"

यापुढे हाणामारी झाली असे अमरावतीत सांगतात. झाली नाही. तो तरुण हसला आणि त्याने दुसरा ग्लास मागवला. मी छत्तीस वर्षे न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार जे बोलला तेवढेच लिहायचे, पदरचा शब्द घालायचा नाही, ही माझ्या हाताला लागलेली सवय आहे. गावंडे यांच्याविषयी गावात जे बोलले जाते ते बहुतेक ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्टीची किंमत काय असते हे मला कोणी शिकवू नये.

गावंडे अकोल्यातच, माझ्या घरापासून तिसऱ्या बंगल्यात राहतात. त्यांची सारी नोकरी कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत गेली. मे महिन्यात दुपारी, माणसे दारे लावून कूलरपुढे पडलेली असताना, हा गृहस्थ डोक्याला ओला पंचा गुंडाळून उन्हात जाई, पांढऱ्या जाळीदार पेटीचे दार उघडी आणि पारा वाचून येई. त्या आकड्याचा त्यांना जमीनदाराला शेताचा असावा तसा अभिमान. "अकोल्याचं ऊन मी लिहिलं राजेहो," ते म्हणत. अमरावतीचा पारा एखाद्या दिवशी अकोल्याच्या वर गेला, तर ते दिवसभर कोणाशी धड बोलत नसत.

बियरशी त्यांचा संबंध निवृत्तीनंतरचा, आणि तोही पुण्याच्या मुलामुळे आला. मुलगा गाडीने येताना थर्माकोलच्या पेटीत बाटल्या आणी. कारखान्याच्या नव्हेत, छोट्या भट्टीत हाताने गाळलेल्या. एक गव्हाची, एक कडू, एक काळीकुट्ट. वऱ्हाडात बियर म्हणजे फ्रीजरमधून काढायची, दात शिवशिवेपर्यंत गार प्यायची आणि सोबत खारे दाणे चघळायचे. गावंडे यांनी या परंपरेविरुद्ध बंड पुकारले. दर रविवारी पाच वाजता आम्हां तिघांना त्यांच्या ओसरीवर बोलावणे असे: मला, निवृत्त विज्ञान शिक्षक तायडे सरांना, आणि अमरावतीहून आले असले तर गावंडे यांचे साडू रमेशराव यांना. तिथे पिणे कमी आणि प्रवचन फार. चौघांत एक बाटली. त्यांना दारुडा म्हणणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात घ्यावे. एवढ्या मद्यात आमच्या घरचा पोपटही झिंगला नसता.

बाटली फ्रीजमधून निघाली की लगेच उघडायची नाही. तिला टेबलावर ठेवून आम्ही सारे तिच्याकडे पाहत बसायचो.

"दम धरा. तयार होऊन राहिली," गावंडे म्हणत, जणू आत भात वाफेवर आहे.

"भाऊ, घसा सुकला," रमेशराव म्हणत.

"माठातलं पाणी प्या. ते घशासाठी असते. हे नाकासाठी हाय. थंडीनं जीभ झोपते, न् झोपलेल्या माणसापुढं कीर्तन करून काय फायदा? पुण्यातली पोरं बियरचा पारा वर याची अर्धा घंटा वाट पाहतात. आपल्या अकोल्यात हे काम ऊन फुकट करून देते."

सोबतचे खाणेही ठरलेले. काळ्या बियरला बारा अंश आणि निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, कारण दोहोंना धुराचा वास. कडू बियरला ठेचा वर्ज्य: कडूने तिखट चढते. हा नियम रमेशरावांनी एकदा मोडला आणि नंतर बराच वेळ कूलरपुढे जीभ बाहेर काढून बसले. गव्हाच्या बियरला मात्र सांबारवडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ती खोबरे आणि खसखशीसह बेसनाच्या पारीत भरून तळलेली. अंश सात ते नऊ. रमेशराव चोरून ग्लासात बर्फाचा खडा टाकत. गावंडे यांना नुसत्या किणकिण आवाजावरून ते कळे, आणि त्यांचा चेहरा देवळात कोणी चपला घालून शिरावे तसा होई.

मग मुख्य कार्यक्रम. गावंडे वेधशाळेच्या पद्धतीने आखलेली नोंदवही उघडत. तारीख, अंश, खाणे, वक्त्याचे नाव, वक्त्याला काय लागले, शेरा. थर्मामीटर बुडवून ते आकडा वाचत आणि आमच्याकडे वळत.

"बोला. काय लागते?"

तायडे सर डोळे मिटून "लवंग... किंचित केळे," असे काही सांगत. मी वाद घाली. लवंग नव्हे, दालचिनी. रमेशराव म्हणत, "बियर लागते, अजून काय लागणार?" गावंडे सारे लिहून घेत. "अजून सांगा. कोणत्या झाडाचं केळ? पिकलेलं का कच्चं?" अशा खोदून खोदून उलटतपासण्या मी न्यायालयातही फार ऐकल्या नाहीत. कूलरच्या वाऱ्याने मला मे महिन्यात सर्दी होते (याला प्रकृतीची तक्रार म्हणू नये, तो ऋतूचा दोष आहे), पण सर्दीतही मी माझे मत राखून बोलत असे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, आणि ती मी लपवणार नाही. नोंदवहीत 'गावंडे' नावाची ओळ दर रविवारी लिहिली जाई आणि तिच्यासमोर 'काय लागले' हा रकाना दर रविवारी रिकामा राही. साक्षी लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, समोरचा स्वतःची साक्ष देतच नाही, हे वर्षभर दिसू नये, ही नामुष्की माझी आहे.

आता त्या रविवारविषयी. लोक सांगतात, राऊतबाईंनी बिघडलेली सांबारवडी पाठवली. राऊतबाई म्हणजे माझी पत्नी. वडी बिघडली नव्हती. खोबरे खवट होते, आणि ते दुकानातून तसेच आले होते. उन्हाळ्यात डब्यातले खोबरे चार दिवसांत खवटते हे दुकानदाराला कळायला हवे होते. एवढी गोष्ट सर्वांनी नीट लक्षात ठेवावी.

वड्या ताटलीत आल्या. तायडे सरांनी एक घास घेतला आणि तो गालात तसाच धरून ठेवला, भिडस्त माणूस. रमेशराव उठून जास्वंदीच्या कुंडीत थुंकून आले. मी वडी हातातच धरून थांबलो. गावंडे यांनी मात्र एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीही खाल्ली आणि पेन उघडले.

"वहिनींले सांगजा राऊत साहेब, सांबार एकदम ताजा हाय."



"भाऊ," रमेशराव म्हणाले, "खोबरं खवट हाय. साबण खाल्ल्यावानी लागते. तुमाले कळलं नाई?"

"थोडं असंन."

"थोडं?" रमेशरावांनी गावंडे यांचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "बरं, हे प्या न् सांगा. काय लागते?"

गावंडे यांनी थर्मामीटर बुडवला. "साडेआठ अंश."

"अंश नाई विचारले, भाऊ. आमाले वर्षभर विचारून राहिले ना तुमी? आता तुमी सांगा. काय लागते?"

गावंडे यांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग ग्लास खाली ठेवला.

"नाई लागत," ते म्हणाले. नोंदवही मिटली आणि आत निघून गेले.

रमेशराव वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. आठवड्यात अमरावतीपासून परतवाड्यापर्यंत झाले: "ज्याले चव नाई तो बियरचा मास्तर!" कोणी ढोंगी म्हटले, कोणी मुलाच्या श्रीमंतीचा तोरा म्हटले. माझ्यापाशी हे बोलणाऱ्या तिघांशी मी भांडलो. पण कशासाठी भांडतो आहे हे मलाच ठाऊक नव्हते, म्हणून शेवटी एका सकाळी मी गावंडे यांच्याकडे गेलो. खोबऱ्याचा खुलासाही करायचा होताच.

ते ओसरीवर थर्मामीटर पुसत बसले होते. खोबऱ्याविषयीचे माझे निवेदन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"साथीच्या वर्षी आमी दोघं दवाखान्यात गेलो," ते म्हणाले. "वापस मी एकटा आलो. न् माहा वास तिथंच राहिला. खारट कळते, तिखट कळते. बाकी सारं पांढरं. कापूर नाकाशी धरला तरी पांढरं."

खोबऱ्याचा विषय मी तिथेच सोडला. हे माझ्या बाबतीत क्वचित घडते.

"मंग पोरगा आला बाटल्या घेऊन. गव्हाची होती. त्यात संत्र्याची साल टाकतात म्हणे. मले कायचा उत्साह? ग्लास तसाच पडून राहिला. घंटाभरानं पोराचं मन राखाले एक घोट घेतला... आन् आली, राऊत साहेब. संत्र्याची साल. एका घोटापुरती."

त्यांच्या पत्नी, कुसुमताई, परतवाड्याकडच्या. माहेरी संत्र्याचा बगीचा. दर हंगामात साली बाजेवर वाळवून त्या कपड्यांच्या पेटीत घालत. गावंडे यांच्या शर्टाचा तो वास मी स्वतः अनेकदा घेतला आहे.

"बायको घरात येऊन उभी राहिली असं वाटलं," गावंडे म्हणाले. "दुसरा घोट घेतला. गेली. मंग ध्यानात आलं का अंश पाहिले नाई. साऱ्या जिंदगीत तापमान लिहिलं, न् त्या एका दिवशी मोजलं नाई!"

ते स्वतःवरच चिडले होते. इतर कोणावर नाही.

"म्हणून शोधून राहिलो. एक एक अंश वर घेतो. तुमाले काय लागते ते विचारतो, म्हणजे समजते का वास निघाला हाय का नाई. निघाला असंन त माहा दोष, नसंन त बियरचा." मग थांबून म्हणाले, "रमेशराव बरोबर बोलले. ढोंगच झालं ते."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "हे निरीक्षण आहे." या वाक्याला मी आजही बांधील आहे. हा मजकूर लिहू का असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "लिहा. पण अंश बरोबर लिहजा."

पुढच्या रविवारी मी पाचला गेलो. तायडे सर आधीच आले होते. त्यांना मी सगळे सांगितले होते, आणि रमेशरावांना फोनवर जरा चढ्या आवाजात सांगितले होते. सव्वापाचला रमेशराव अमरावतीहून आले. हातात कापडी पिशवी.

"हे घ्या," ते गावंडे यांच्याकडे न पाहता म्हणाले. "तुमच्या साळीनं, माह्या बायकोनं देल्लं. मी नाई आणलं. कुसुमताईनं वाळवलेल्या साली हाय. पेटीत होत्या."

गावंडे यांनी पिशवी उघडली, नाकाशी धरली आणि मिटली. काही आले नसावे. त्यांनी ती मांडीवर ठेवली.

गव्हाची बियर उघडली. त्या दिवशी कोणीच घाई केली नाही. रमेशरावांनी बर्फ मागितला नाही. नऊ अंशांवर एक घोट. अकरावर एक. तेरावर एक. गावंडे दर वेळी मान हलवत: नाही. चौदा अंशांवर त्यांनी डोळे मिटले आणि आम्ही तिघेही श्वास धरून बसलो.

"आली का भाऊ?" रमेशरावांनी हळूच विचारले.

"नाई," गावंडे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "राऊत साहेब, तुमी बोला. काय लागते?"

मी घोट घेतला आणि बोलू लागलो. संत्र्याची साल लागते, म्हणालो. ओली नव्हे, वाळलेली. बाजेवर सकाळच्या उन्हात पसरलेली. जराशी कडवट, आणि मागून पेटीतल्या धुतलेल्या सुताचा वास. मी इतका वेळ बोललो की तायडे सरांनी एकदाही लवंग म्हटले नाही. मी तपशील चढवत गेलो. गावंडे डोळे मिटून ऐकत राहिले, हात पिशवीवर होता. मग त्यांनी लिहिले.

रमेशराव आता सांगत फिरतात की त्या दिवशी राऊतांचे नाक सर्दीने बंद होते आणि त्यांना फिनेलचाही वास आला नसता. मी हे साफ नाकारले. लेखी खुलासा करण्याची तयारी दाखवली, आणि पुरावा म्हणून गावंडे यांच्याकडून नोंदवही मागवून घेतली. त्या रविवारची ओळ त्यांच्या सुवाच्य अक्षरात आहे. चौदा अंश. वक्ता: राऊत. काय लागले: संत्र्याची साल, वाळलेली. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात: "वक्त्यास सर्दी. नोंद कायम ठेवावी."

या एका नोंदीवर मला काही म्हणायचे नाही.