कडू बोलण्याचं खातं

रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ कोणी वाचावा, यावर ख्रिस्ती मंडळीच्या वडीलमंडळाने, म्हणजे कारभारी समितीने, सभागृहामागच्या खोलीत दोन तास गंभीर विचार केला आणि एकमताने ठराव मंजूर केला, की जी जीभ रविवारी देवाचं वचन वाचणार, ती उरलेले सहा दिवसही त्या वचनाला शोभेल अशीच चालली पाहिजे. ठराव सर्वांसाठी होता. अर्ज मात्र एकच आला होता, किसणीमावशीचा.

मावशीचं चौकात लाँड्रीचं दुकान. तिचं खरं नाव मंडळीच्या नोंदवहीत होतं. पण तिच्या बोलण्याने माणसाची सालं निघत, म्हणून सगळे तिला किसणीमावशी म्हणत, अर्थात पाठीमागे. तिची शाळा तिसरीतच सुटली. पुढचं वाचन ती इस्त्रीचे कपडे गुंडाळायच्या रद्दीवर शिकली. आता मरायच्या आत एकदा, एकदाच, पुढे उभं राहून सगळ्यांना शास्त्रपाठ वाचून दाखवावा, एवढीच तिची इच्छा होती. चार वर्षं ती अर्ज करत होती.

यंदा वडीलमंडळाच्या अध्यक्षांनी तोडगा काढला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य दिवसातून तीस वेळा बोलण्याचा अनुभव असल्याने वाणीच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. मावशीने चाळीस दिवस कुणालाही टोचून बोलायचं नाही, दर रविवारी तीन सभासदांच्या सह्यांचा 'मधुरवाणी दाखला' सादर करायचा, आणि पाठ वाचून होईपर्यंत एक जरी कडू शब्द निघाला, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

"आणि तुम्ही?" मावशीने विचारलं.

"आम्ही मुळातच गोड बोलतो," अध्यक्ष गोड बोलले.

मावशीने दाढेखाली लवंग धरली आणि व्रत सुरू केलं. काही बोलावंसं वाटलं, की ती लवंग चावायची. पहिला आठवडा मंडळी खूश होती. दुसऱ्या आठवड्यात काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

सभागृहाचं दार सुताराकडे चौदा महिने पडून होतं. दर मंगळवारी मावशी त्याच्याकडे जाऊन, तुझं दार लागायच्या आत प्रभूचं पुनरागमन होईल, असं सांगायची, आणि त्या आठवड्यात रंधा दोनदा तरी फिरायचा. आता ती म्हणाली, सावकाश दे हो, घाई नाही. सुताराने तिचं अगदी मनापासून ऐकलं. दाराच्या जागी पडदा लागला, पडद्याखालून एक मांजर आत शिरली आणि गायनमंडळाच्या कपाटात, धुतलेल्या झग्यांवर, व्याली.

गायनमंडळात पोस्टमन होता. त्याचा सूर नेमाने चुकीच्या पत्त्यावर जाई. पूर्वी मावशी त्याला गाणं सुरू व्हायच्या आधीच बजावायची, की तू नुसतं तोंड हलव, बाकीचं देव समजून घेईल. आता तिने त्याला छान म्हटलं. हुरूप येऊन त्याने आवाज दुप्पट केला. पुढच्या रविवारी मांजर पिल्लांसकट निघून गेली.

सर्वांत बिकट झाली ती निवृत्त स्टेशनमास्तरांची साक्ष. देवाने आयुष्यात कसं सांभाळलं, हे ते दर रविवारी सांगत. सहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून मावशीचा आवाज यायचा, "मास्तर, गाडी सोडा आता." तो सिग्नल बंद झाल्यावर साक्ष वीस मिनिटांवर गेली, मग पस्तिसावर. बदलीची सगळी स्टेशनं त्यात क्रमाने येऊ लागली.

मग लाँड्रीत गर्दी झाली. कोणी एकच शर्ट घेऊन येई, कोणी एकच रुमाल. मावशी, सुताराला जरा सुनवा. मावशी, पोस्टमनला तुम्हीच सांगा, आमचे रोजचे संबंध आहेत. अध्यक्षांच्या बायकोने, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी, तर उशीचा अभ्रा आणला होता. त्यांचा आवाज आजवर शेजारच्या बाकालाही ऐकू गेलेला नव्हता.

"मावशी, मास्तरांना गप्प करा ना. मला बाई असलं बोलणं जमत नाही."

"मला तरी कुठे जमतंय आता?" मावशी अभ्र्यावर पाणी शिंपडत म्हणाली. "आज बत्तिसावा."

तेव्हा वडीलमंडळाच्या ध्यानात आलं, की मंडळीतलं कडू बोलण्याचं सबंध खातं एकटीच्या जिभेवर चाललं होतं, म्हणूनच बाकीच्या जिभा इतक्या स्वच्छ राहिल्या होत्या. ही बाब इतिवृत्तात नोंदवण्यात आली नाही. त्याऐवजी 'अधिकृत कटुवाणी परवाना' तीन प्रतींत तयार झाला. परवान्यावर बोललेला शब्द मंडळाचा, म्हणून तो पाप नाही. पण जीभ मावशीची, म्हणून मोजणी मात्र एकपासून.

आपल्यापैकीच कोणी सुताराकडे जाऊन, प्रेमाने पण स्पष्ट, बोललं तर नाही का चालणार, असं रविवारी उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं. सूचना फार सुंदर असल्याचं सांगून अध्यक्षांनी ती पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेवर ठेवली.

मावशीने परवाना वाचला आणि हळूच परत केला. "माझ्या तोंडून तुम्ही बोलणार, आणि देवापुढे उत्तर मी द्यायचं?"

हे वाक्य कडू आहे की नाही, यावर अर्धा तास चर्चा झाली. अध्यक्षांना ते चांगलंच टोचलं होतं. पण टोचलं म्हणणं कडू झालं असतं. विषय सोडून देण्यात आला.

चाळीस दिवस भरले. रविवारी मावशीच्या वाट्याला पाठ आला तो वंशावळीचा. चाळीसेक नावं, एकेक जिभेला गाठ मारणारं. कोणी घेत नाही म्हणून उरलेला. मावशीने तो तोंडपाठ केला होता. पण आधी साक्ष. मास्तर दहाला उभे राहिले. अकराला सभागृह दुसऱ्या संस्थेला दिलेलं. पावणेअकराला ते नवव्या बदलीपर्यंत पोचले होते. ते बसले नाहीत तर मावशीचा पाठ जाणार. मावशी बोलली तर चाळीस दिवस जाणार.

एकेक मान वळली. सबंध मंडळी मावशीकडे पाहू लागली. मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिने त्या सगळ्यांकडे पाहिलं, फार मायेने, आणि दाढेखालची लवंग चावली.

दहा मिनिटं राहिली असताना डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुम्ही आम्हाला आवडता. पण आता बसा. मावशींना वाचायचंय."

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग मघाशीच सांगायचं ना. कोणी थांबवत नाही म्हणून मी पुढे जात होतो. माझी स्टेशनं संपत आली होती."

मावशी पुढे गेली. सगळी नावं तिने एकदाही न अडखळता वाचली. मेलेल्या माणसांनी उठून ओ द्यावी, इतकी स्वच्छ.

नंतर बाहेर पायऱ्यांवर अध्यक्षांनी जाहीर केलं, की भर उपासनेत उघड बोलल्याबद्दल डॉक्टरीणबाईंना आजपासून मधुरवाणीचे चाळीस दिवस. कुणाचा विरोध असल्यास आताच सांगावं.

विरोध सगळ्यांचाच होता. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं.

आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा.