केक वजा कोंडा

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. चूक त्या पाकिटाची होती. (बायकोचीही होती, पण ती शेजारच्याच खोलीत आहे.)

डॉक्टर म्हणाले होते, "साखर काठावर आहे. पुढच्या तपासणीपर्यंत खाली आली नाही, तर गोळी सुरू करू. जन्मभर." आता जन्मभर कुणाच्या तालावर नाचणारा माणूस मी नव्हे. (लग्नाची गोष्ट वेगळी.) मी मोबाईलवर खाणं मोजायचं ॲप घेतलं आणि कार्ब्ज, म्हणजे खाण्यातले साखर होणारे घटक, मोजायला बसलो.

लवकरच डोकं फिरलं. ब्रेड खाल्ला की ॲपवरची पट्टी लाल. सफरचंद खाल्लं तरी लाल! मग मी खायचं काय, टेबल?

"अहो, ओरडताय काय? फायबर वजा करा ना," बायको म्हणाली. "ते पचत नाही, त्याची साखर होत नाही. एकूण कार्ब्जमधून फायबर वजा केलं की उरतात ते नेट कार्ब्ज. तेवढेच धरायचे."

वजा! मी कंपनीत हिशेबनीस. जमाखर्चाचा मेळ घालण्यात माझे केस गेले. आणि वजा करायची मुभा आहे, हे या बाईने इतके दिवस पोटात ठेवलं! तसाच तणतणत दुकानात गेलो आणि गव्हाच्या कोंड्याचं मोठं पाकीट घेऊन आलो. पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'भरपूर फायबर'. झालं! केक खर्चाला, कोंडा जमेला. दोन तुकडे खावेसे वाटले, तर कोंडा जरा सढळ हाताने. ॲपला विचारायची गरजच उरली नाही.

कोंडा चावताना मात्र सुताराच्या दुकानात जेवल्यासारखं वाटे. पोटाचा नगारा झाला. एकदा मीटिंगमध्ये ते असं गुरगुरलं की साहेब बोलता बोलता थांबले. "तुमची काही हरकत आहे का?" त्यांनी मला विचारलं. तोही अपमान मी गिळला.

आणि तपासणीत काय निघावं? साखर वाढली!

"शक्यच नाही!" मी डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटली. "तुमचं यंत्र बिघडलंय! रोज केक वजा कोंडा, बाकी शून्य!"

डॉक्टर बायकोकडे बघायला लागले. बायकोने कपाळावर हात मारला.

"अहो, ज्या पदार्थातलं फायबर, ते त्याच पदार्थातून वजा करायचं! केकची साखर तो कोंडा कशी काढून नेईल?"

"मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, तुम्ही केकचा आणि कोंड्याचा मेळ घालाल म्हणून?"

मग मात्र माझा तोल गेला. मी पाकीटवाल्याला बोललो, ॲपवाल्याला बोललो, सफरचंदालाही सोडलं नाही. तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून तो फुगवलाही.

"रक्तदाबही बराच वाढलाय," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या त्या शांतपणाचा तर मला विशेष राग आला.

एक गोळी टाळायला गेलो होतो, दोन लिहून मिळाल्या. एक साखरेची, एक रक्तदाबाची. मी अजून त्यांच्या यंत्रावर ओरडतच होतो. बायकोने कागद नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि डॉक्टरांना एकच शंका विचारली.

"ही दुसरी घेतल्यावर हे साधारण किती वेळ गप्प बसतील?"