भोपळेमास्तरांची निवडणूक

"निवडणूक म्हणजे काय हो? पाण्यात पडलं की हातपाय मारायचे! आणि पाण्यात पडणं आम्हाला काय नवीन आहे?"

एप्रिल संपत आला तसं विष्णुपंत हे वाक्य सांगलीत भेटेल त्याला ऐकवू लागले. ऐकणारा मान डोलवायचा. मान डोलवायला कुणाचं काय जातं! पण विष्णुपंत प्रत्येक डोललेली मान एक मत म्हणून धरायचे आणि पुढच्या माणसाकडे सुटायचे.

विष्णुपंत शाळेत ड्रिलमास्तर. एका जागी स्वस्थ बसलेले त्यांना त्यांच्या आईनंसुद्धा कधी पाहिलं नसेल. जेवतानाही त्यांचा एक गुडघा वर असायचा, न जाणो मधेच उठावं लागलं तर! गेली बारा वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठेतल्या पोरांना कृष्णेत पोहायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. सकाळी सहाला घाटावर जायचं, एकेका पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि पायरीवरून द्यायचं ढकलून. पोर बोंबलत तरंगायचं, तरंगत बोंबलायचं आणि पंधरा दिवसांत पोहायला लागायचं. या पुण्याईवर सगळी पेठ त्यांना भोपळेमास्तर म्हणायची. अगदी तोंडावर! एकदा तर शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसमोर शिपायानं वर्दी दिली होती, "भोपळेमास्तर आल्यात."

तेव्हापासून विष्णुपंतांच्या जिवाला एकच घोर लागला होता. मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी आपल्याला 'मेंबरसाहेब' म्हणावं! संस्थान विलीन होऊन वर्ष झालं होतं, नगरपालिकेची निवडणूक लागली होती आणि या खेपेला बायकांनाही मत होतं. विष्णुपंतांनी अर्ज भरला. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळ्या रंगाची असायची. त्यांच्या वाट्याला पिवळी पेटी आली. हिरवी पेटी होती लालासाहेबांची. लालासाहेब म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. ते प्रचाराला घराबाहेर पडत नव्हते. कट्ट्यावर बसून मिशांना पीळ देत येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, बरं हाय न्हवं?" एवढंच विचारायचे.

"हा कसला उमेदवार!" विष्णुपंत घरी येऊन म्हणाले. "माझ्याकडे यंदा बावीस पोरं. प्रत्येक पोरामागे आई, बाप, आजी, आजोबा. चारच धर. अठ्ठ्याऐंशी मतं घरबसल्या!"

"घरी बसता कधी तुम्ही?" पद्माबाई म्हणाल्या.

त्यांचंही बरोबर होतं. मे महिना. अंगणात कुरडया, माळवदावर पापड, न्हाणीशेजारी आंब्याची अढी. त्यात पद्माबाईंचा भाऊ अनंत साताऱ्याहून बायको आणि चार पोरं घेऊन सुट्टीला आलेला. स्वतःची दहा वर्षांची उमा होतीच. विष्णुपंत सकाळी पोहायला, दुपारी प्रचाराला, संध्याकाळी सभेला, आणि मधल्या वेळात घरी येऊन ज्या वस्तूला हात लावतील ती सांडून जायचे. पापडांवरचे कावळे हाकलायला बसवलं, तर त्यांनी कावळ्यांच्या मागे धावता धावता अर्धे पापड तुडवले.

"एका वेळी एकच काम करा हो!" पद्माबाई म्हणायच्या.

"एकच करतोय! रविवारी तिन्ही एकत्रच उरकतोय!"

मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी विष्णुपंतांनी घाटावर सभा ठेवली. बेत असा, की इकडे ते भाषण करणार. तिकडे वरच्या अंगाला, नदीच्या वळणापलीकडे, बावीस पोरं डोक्याला पिवळ्या चिंध्या बांधून पाण्यात उतरणार. आधी समोरच्या सांगलवाडीच्या काठाला लागायचं, तिथं दम घ्यायचा आणि मग "पिवळी पेटी! पिवळी पेटी!" ओरडत प्रवाहाबरोबर थेट घाटावर यायचं. ऐन भाषणाच्या शेवटी! प्रत्येक भोपळ्यावर उमानं डांबरानं पोराचं नाव घातलं होतं. कुठलं पोर कुणाचं, हे आयांना लांबूनही वाचता यायला हवं ना!

पोरांबरोबर मोठं माणूस म्हणून अनंत जाणार होता.

"तुला नीट पोहता येतं ना?"

"दाजी, माहुलीच्या संगमावर वाढलेला माणूस मी!"

अनंताला कशालाही हो म्हणायची सवय होती, हे विष्णुपंतांना लग्नापासून ठाऊक होतं. पण घाईत माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

रविवारी सकाळी आठला घाट भरला. पुढच्या पायऱ्यांवर बायका, मागे पुरुष. सगळ्यात पुढे रंगुबाई. या रंगुबाईंनी एक हाक मारली की पेठेतल्या शंभर बायका दारात यायच्या, म्हणून विष्णुपंतांनी त्यांना मुद्दाम पुढे बसवलं होतं. त्यांचे दोन नातू बाविसांत होते. पद्माबाईही पदर खोचून आल्या होत्या. विष्णुपंतांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि भाषण सुरू झालं.

भाषण पंधरा मिनिटांचं होतं. पंधरा मिनिटं झाली. वळणावर कुणी दिसेना. विष्णुपंतांनी गटारांचा मुद्दा पुन्हा घेतला. मग दिव्यांचा. मग दिव्यांवरून परत गटारांवर आले. बोलता बोलता ते उजवा पाय, डावा पाय करत होते आणि दर दोन वाक्यांनी मान वळवून नदीकडे बघत होते.

"मास्तर, गटारं तिसऱ्यांदा आली!" मागून कुणीतरी म्हणालं.

इतक्यात वळणावर काहीतरी गोल, पिवळसर दिसलं. मग दुसरं. मग एकदम दहा-बारा! विष्णुपंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी हात पसरला आणि टिपेचा सूर लावला.

"मायबहिणींनो! कोण काय करतो ते विचारू नका, डोळ्यांनी बघा! ते पाहा, माझे शिष्य येताहेत!"

सगळा घाट उभा राहिला. टाळ्या पडल्या. भोपळे डुलत डुलत जवळ आले. अजून जवळ आले.

भोपळ्यांखाली कुणीच नव्हतं.

टाळ्या एकेक करून थांबल्या. पहिला भोपळा पायरीला येऊन टेकला. त्यावर डांबरात लिहिलं होतं, 'हरी.'

"माजा हरी!" रंगुबाईंनी अशी किंकाळी फोडली, की पुलावरची बैलं बुजली. "मास्तर! भोपळा आला, पोरगं कुटं हाय?"

मग एकच कल्लोळ उडाला. बायका पाण्यात उतरून भोपळे ओढायला लागल्या. ज्या बाईला आपल्या पोराचा भोपळा मिळायचा ती रडायची, जिला मिळत नव्हता ती दुप्पट रडायची. कुणी विष्णुपंतांचा सदरा धरला, कुणी हार. आणि त्या गर्दीत पद्माबाई हातात एक भोपळा घेऊन नुसत्या उभ्या होत्या. त्यावर 'उमा' लिहिलं होतं.

विष्णुपंतांनी ते नाव वाचलं. निवडणूक, पेटी, मेंबरसाहेब, सगळं त्या क्षणी डोक्यातून साफ धुऊन गेलं. बारा वर्षांत आपल्या हातून एक पोर बुडालं नव्हतं, आणि आज बावीस! त्यांनी हार, टोपी, धोतर, वहाणांसकट नदीत उडी मारली. बायका पुलाकडे धावल्या.

एरवी विष्णुपंत तो डोह गाणं म्हणत पार करायचे. आज हाराची फुलं तोंडात जात होती, धोतर पायांत अडकत होतं आणि ते प्रत्येक हाताला "उमे! उमे!" ओरडत होते. पलीकडच्या वाळूला लागले, पडत-धडपडत वळण ओलांडून वर गेले आणि जागच्या जागी खिळले.

वाळूत कलिंगडांचे वाफे होते. वाफ्यांमधून बावीस पोरं एका रांगेत नदीचं पाणी आणून वेलांना घालत होती. कुणाच्या हातात मडकं, कुणाच्या हातात घागर. प्रत्येकाचं तोंड कानापर्यंत लालभडक. रांगेच्या शेवटी अनंत होता. त्याच्या मिशीत कलिंगडाच्या चार बिया होत्या. आणि बांधावर काठी टेकून वाफ्यांचा मालक नाथाजी बसला होता.

विष्णुपंतांनी उमेला जवळ ओढलं, तिचं डोकं चाचपलं, हात चाचपले आणि सगळं जागच्या जागी आहे असं बघून मोठ्यानं रडायला लागले.

"बाबा, तुमच्या तोंडात झेंडू आहे," उमा म्हणाली.

"ह्यो तुमचा मेव्हणा व्हय?" नाथाजीनं विचारलं. "ह्यानंच पोरास्नी सांगितलं, एकेक फोड खावा म्हून. बावीस पोरं, बावीस फोडी? आवं, पंचवीस कलिंगडं फोडली की!"

"दाजी, पोरं दमली होती..." अनंत म्हणाला.

"पण भोपळे? भोपळे कुणी सोडले पाण्यात?"

"म्या!" नाथाजी अभिमानानं म्हणाला. "भोपळं काडून ठेवलं हुतं काठावर, वेलात शिरताना आडवं येतंय म्हून. म्या दिलं लाथनं नदीत. आता पळा म्हनलं कुटं पळताय ते! आणि लावली पानी घालायला. निवडणूक तुमची आन् कलिंगडं आमची, ह्यो कुटला न्याव?"

"अहो, तिकडे आया ऊर बडवताहेत!"

"का?" नाथाजीला खरंच कळलं नाही. मग हळूहळू कळलं. त्याचा चेहरा पडला. "आरं तिच्या... त्ये माज्या ध्यानातच न्हाई आलं, गड्या!" तो धडपडत उठला आणि बायकोला ओरडला, "मने, आनखी चार फोड गं! मास्तरास्नी दे आदी!"

मनुबाईनं विष्णुपंतांच्या हातात कलिंगडाची फोड ठेवली आणि नेमक्या त्याच वेळी पुलावरून धावत आलेल्या बायका पोचल्या. त्यांना काय दिसलं? पोरं राबताहेत आणि मास्तर हारबीर घालून कलिंगड खाताहेत!

पुढचा पाव तास काही विचारू नका. पोरांना आधी कवटाळलं गेलं, मग बडवलं गेलं, मग पुन्हा कवटाळलं गेलं. विष्णुपंतांच्या वाट्याला यातलं फक्त मधलं आलं. पण उमानं आणि हरीनं मिळून सगळी हकिकत सांगितली, तसा बायकांचा राग अनंताकडे वळला. मास्तरांनी सगळ्या कपड्यांनिशी उडी घेतली होती, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माणूस लय जिवाचा हाय," रंगुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या पोरांपायी जीव द्यायला निगालं मास्तर!"

बायकांनी माना डोलवल्या. विष्णुपंतांनी त्या माना बरोबर मोजल्या. गेलेली निवडणूक परत येत होती! ते ओल्या धोतरानं बांधावर चढले. आज मनाला बसलेला धक्काही खरा होता आणि भाषणाची सवयही खरी होती.

"मायबहिणींनो! आज मला धडा मिळाला. मी शपथ घेतो! निवडून आलो, की या भोपळ्यांना पुन्हा हात लावणार नाही. पोहणं कायमचं बंद! सकाळी सहाच्या ठोक्याला नगरपालिकेत जाऊन बसेन, तो रात्रीच घरी! तुमची पोरं सुट्टीभर तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या घरात सुखरूप राहतील!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भारावून गेल्यात बिचाऱ्या, विष्णुपंतांना वाटलं.

मंगळवारी मतदान झालं. बायकांची ही रांग लागली होती! विष्णुपंत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नमस्कार करत फिरत होते. रंगुबाईंनी तर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. गुरुवारी मोजणी झाली. लालासाहेबांच्या हिरव्या पेटीत तीनशे सात. पिवळ्या पेटीत अकरा.

विष्णुपंत तडक रंगुबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या जात्याजवळ बसल्या होत्या.

"रंगुबाई, खरं सांगा. माझं काय चुकलं?"

"तुमचं? काय बी न्हाई, मास्तर. देवमाणूस तुमी!"

"मग मतं कुठं गेली?"

रंगुबाईंनी आत बघितलं. आत त्यांचे दोन नातू चुलीजवळ कशावरून तरी एकमेकांच्या झिंज्या उपटत होते.

"आवं, सकाळी सहा ते नऊ ही पोरं तुमी नेतासा, तवर आमचं पापड हुत्यात, कुरड्या हुत्यात, दळण हुतंय, दोन घटका भुईला पाट टेकती. तुमी जाऊन बसल्यावर कचेरीत, ही औलाद आमी कुटं ठेवायची? तुमीच त्या दिवशी सांगितलंसा, घरात ऱ्हातील म्हून! मग आमी सगळ्यांनी मिळून इचार केला. गटारं काय, लालासाहेब बी उपसून घेतील. पोरं कोन सांबाळंल?"

विष्णुपंत घरी आले. पहिल्यांदाच, अगदी खरोखर पहिल्यांदा, ते दोन्ही गुडघे टेकून पाटावर स्वस्थ बसले. पद्माबाईंनी पुढ्यात पन्ह्याचा पेला ठेवला. अनंत आत गेला होता तो बाहेर येईचना.

"अकरा," विष्णुपंत म्हणाले. "सगळ्या पेठेत मिळून अकरा माणसं! मला माणूस म्हणून ओळखणारी अकराच निघाली. जाऊ दे. बाकी गेली तर गेली. माझं स्वतःचं एक, पेठेत राहणारा अनंताचा साडू एक, शाळेतले चौघे, शिपाई एक, सहा-सात नावं तर लागतात. आणि तुझं एक धरून..."

पद्माबाई लोणच्याच्या फोडी करत होत्या. त्यांनी विळीवरून मान वर केली नाही.

"माझं धरू नका," त्या म्हणाल्या.