ओल्या फडक्यानं घेतलेला जीव

माईंच्या घरात बसायला धूळही घाबरायची. सगळे कामाला गेले की त्या ओलं फडकं हातात घेत आणि समोर येईल ते पुसत. एकदा डुलकी लागलेल्या नवऱ्याचं टक्कलही पुसून निघालं होतं. त्या दिवशी सुनेचा टॅब टेबलावर चालूच राहिला होता. माईंनी तोही पुसला. चांगला दाबून.

सून दवाखान्यात नर्स. दिवसभर जखमा बघून डोळ्यांत टिपूस येत नाही. पण दुपारी घरी येऊन तिनं टॅब हातात घेतला आणि मटकन खाली बसली.

"गेली! माझी फुलवाली गेली!"

फुलवाली म्हणजे टॅबवरच्या गोष्टीतली आजारी मुलगी. चित्रं हलतात, माणसं बोलतात आणि मधेच काच विचारते, पुढं काय करायचं ते तुम्हीच सांगा. महिनाभर सून तिला जपत होती. शेवटी फुलवालीचं तिच्या मित्राशी भांडण झालं. त्यानं 'माफी मागायची' की 'निघून जायचं', एवढंच ठरवायचं होतं. तेवढ्यात सुनेला दवाखान्यातून बोलावणं आलं. उरलेलं फडक्यानं ठरवलं. मित्र निघून गेला आणि त्याची वाट बघत फुलवाली पुलावर गारठून मेली.

हंबरडा ऐकून शेजारीण धावली. "कधी गेली गं? कशानं?" म्हणत सुनेच्या गळ्यात पडून तीही रडली, आणि रडता रडता तिनं माईंच्या मुलाला फोन लावला, "घरी ये, गेली रे!" मुलगा चष्म्याचं दुकान उघडं टाकून, गिऱ्हाइकाचाच चष्मा नाकावर ठेवून पळत आला.

"आई! अगं आई गं!"

"ही काय मी," माई दारातून म्हणाल्या. "जिवंतपणी मारतोस होय रे मला?"

मग खरा प्रकार कळला. सगळ्यांची नजर फडक्यावर गेली.

"माई, चुकलं म्हणा नि संपवा," शेजारीण म्हणाली.

"कुणाचं चुकलं? माझ्या फडक्यानं डाग जातात, माणसं नाही!"

सुनेनं बोलणंच टाकलं. चहाचा कपसुद्धा माईंपुढं न बोलता आदळू लागला. शेवटचा भाग पुन्हा खेळता येत होता, पण तिला ते मरण पुन्हा बघवेना. तिसऱ्या दिवशी माईंनी टॅब ओढला. "जिवंत करून देते तुझी लाडकी!"

शाळा जेमतेम पाहिलेल्या माई अक्षराला अक्षर लावून वाचू लागल्या. "पोरी, शाल घे की! खोकतेस किती!" भांडण आलं. 'माफी मागायची' पाशी बोट अडलं.

"ह्यानं का मागायची? आधी तीच फणकारली."

मित्र निघून गेला. फुलवाली मेली. माईंनी पुन्हा खेळून बघितलं. पुन्हा मेली. आता माईंनी नाक पुसलं.

"हटवादी मेला! पोर मरते तरी ह्याचं तोंड उघडत नाही!"

तिसऱ्यांदा बोट 'माफी मागायची' पाशी गेलं. मग माईंनी डोळे मिटून ते टेकवलं आणि पुटपुटल्या, "चुकलं गं बाई माझं."

सून पोळी तव्यावर टाकून धावत आली. "असू द्या हो, आई! मी तरी किती ताणलं!"

"तुला कोण म्हणालं? हिला म्हटलं!"

काचेवर फुलवाली हसत उभी होती. तिच्या कपाळावर माईंच्या डोळ्यातून टपकन एक थेंब पडला. सुनेनं तो पुसायला ओढणी पुढं केली, तशा माई किंचाळल्या,

"हात लावू नकोस! पुन्हा मारशील पोरीला!"